मस्टरवर नसलेल्या नोंदी

कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान हा विषय श्रीरामपूर परिसराला नवा नाही. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेचे विद्यार्थी प्रकल्पासाठी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन साखर कारखान्याच्या टाइम ऑफिससमोर, पतसंस्थेच्या काउंटरपाशी नाहीतर एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटच्या गेटवर उभे राहतात. प्रश्नावलीचे पहिले पान सगळीकडे सारखे असते: वय, लिंग, शिक्षण, वैवाहिक स्थिती, सेवेची वर्षे, मासिक उत्पन्न. चहा येईपर्यंत ते भरून होते. मग वीस-पंचवीस विधाने येतात आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी. अहवालातला निष्कर्षही बहुधा ठरल्यासारखा असतो. बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत, पगार आणि बढती याबाबत काहींची नाराजी आहे, व्यवस्थापनाने संवाद वाढवावा. पहिल्या पानावरच्या माहितीचे चार-दोन गोल आलेख काढले जातात आणि ते पान तिथेच संपते.

माझे म्हणणे असे की दुसऱ्या पानावरच्या खुणांचा अर्थ लावायचा तर तो पहिल्या पानावरूनच लावावा लागतो. अडचण एवढीच की ते पान हवे ते विचारत नाही.

एकाच खात्यात, एकाच शिफ्टला काम करणारी दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. हुद्दा एक, पगार एक, साहेब एक. पहिल्याच्या घरी पाटाच्या पाण्याखालची सात-आठ एकर बागायत आहे, थोरला भाऊ शेती बघतो आणि हा ‘घरात एक तरी पगार असावा’ म्हणून कारखान्यात लागला. दुसऱ्याचे आईवडील कोयता घेऊन दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघत, आणि मुकादमाची उचल फिटली की नाही यावर घरातले पुढचे वर्ष ठरे. दोघेही ‘मी माझ्या नोकरीबाबत समाधानी आहे’ या विधानापुढे ‘सहमत’वर खूण करतात. आलेखात दोघे एकाच रकान्यात जातात. पण पहिल्याच्या खुणेचा अर्थ ‘चाललंय, ठीक आहे’ इतकाच असतो, आणि दुसऱ्याच्या खुणेमागे महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार होतो या गोष्टीचे अप्रूप असते. उद्या कारखान्याने दोन महिने पगार थकवला, तर पहिला चिडेल, पण तगेल. दुसऱ्याच्या घरातला किराणा बंद होईल. माणूस नोकरी मोजायचे मापटे घरून घेऊन येतो. ज्याचे मापटे लहान, त्याचे लवकर भरते. ज्याचे मोठे, त्याला तेवढ्याच धान्यात रितेपण दिसते. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक पार्श्वभूमीचा त्याच्या समाधानाशी आणि कामातल्या उमेदीशी संबंध काय, या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो.

हा प्रश्न श्रीरामपुरात तपासणे सोयीचे आहे, कारण शंभर वर्षांत इथे नाना तऱ्हेची मापटी एकत्र आली. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. कालव्यांचे पाणी खाली उतरले तसा जिरायत मुलूख बागायत होऊ लागला. सासवडकडचे माळी बागायतदार ऊस लावायला इकडे आले. रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव आज रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयाला आहे, ते त्याच पिढीतले. स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर आधीपासून होतेच. त्या स्टेशनचे नाव आजही बेलापूर आहे, शहर मात्र त्याच्या भोवती श्रीरामपूर म्हणून वाढले. व्यापारासाठी मारवाडी-गुजराती आले, फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. आणि या सगळ्यांच्या आधी किंवा बरोबरीने कंपन्या आल्या. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, आणि टिळकनगरला डहाणूकरांनी १९३३ साली काढलेली महाराष्ट्र शुगर मिल्स.

कंपनीचे गाव म्हणजे एक वेगळेच जग होते. साहेबांचे बंगले एका बाजूला, कामगारांच्या चाळी दुसऱ्या बाजूला, कंपनीचा दवाखाना, कंपनीची शाळा, आणि सगळ्यांच्या दिवसाला वळण लावणारा भोंगा. कंपन्यांनी उसासाठी आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. जमीन देणारा शेतकरी खंडकरी म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर या जमिनी कंपन्यांकडून सरकारकडे गेल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ उभे राहिले. खंडकऱ्यांनी जमीन परत मिळावी म्हणून कॉम्रेड माधवराव गायकवाडांसारख्यांच्या नेतृत्वाखाली कित्येक दशके लढा दिला. प्रत्यक्ष वाटपाला वेग यायला २०१२ साल उजाडले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की महामंडळाच्या एकाच मळ्यावर दोन मजूर शेजारी शेजारी खुरपत असतील, तर त्यातला एक आपल्या आजोबाच्या जमिनीत मजुरी करतो आहे ही शक्यता इथे खरी होती. दुसरा असा असू शकतो की ज्याच्या घराण्याच्या नावावर कधी गुंठाभरही जमीन नव्हती. पहिल्याला ते काम म्हणजे नशिबाचा फेरा वाटणार, दुसऱ्याला आधार वाटणार. काम तेच, मजुरी तीच. प्रश्नावलीत ‘आपल्या घराण्याची जमीन कुणाकडे आहे?’ असा प्रश्न नसेल, तर या दोघांमधला फरक कळायला मार्ग नाही.

जातीचा विचार टाळून हा विषय पुढे जात नाही. डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरेगावला आले होते ते महार वतनाच्या प्रश्नावरील परिषदेसाठी. वतनाचे काम म्हणजे गावाने आणि सरकारने हाक मारली की जायचे, वेळकाळ नाही, आणि बदल्यात बलुते नाहीतर नावापुरती जमीन. त्या घरातून जो माणूस कंपनीच्या कामावर लागला, त्याच्या दृष्टीने ठरावीक तासांची पाळी आणि हातात पडणारी रोख मजुरी याच मोठ्या गोष्टी होत्या. ‘कामाचे तास निश्चित असणे’ हा मुद्दा आजच्या प्रश्नावलीत पंधराव्या-सोळाव्या नंबरावर असतो. त्याच्या लेखी तो पहिला होता.

पण पार्श्वभूमी माणसाची अपेक्षा घडवते तशी कारखान्यात त्याची जागाही ठरवून टाकते, हे विसरून चालणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून इतर कामगारांना विटाळ होईल, असे कारण दिले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. अशा कामगाराच्या नाराजीला ‘वैयक्तिक पार्श्वभूमीचा परिणाम’ म्हणणे ही चलाखी झाली. तो परिणाम पार्श्वभूमीचा नव्हता, खात्याच्या दाराशी केलेल्या अडवणुकीचा होता. हल्लीच्या अभ्यासांत जात आणि समाधान यांचा संबंध दिसला की आधी हे पाहावे: कोण कोणत्या खात्यात आहे, कायम कोण आणि कंत्राटी कोण, गटाराशी आणि मळीशी कोण.

शेजारी लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा आणखी एक नाते जन्माला आले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. श्रीरामपूर तालुक्यातही पुढे अशोक सहकारी कारखाना झाला. सहकारात सभासदाचा मुलगा नोकरीला लागतो. म्हणजे बाप मालक, मुलगा नोकर, असा मामला. अशा मुलाला ‘वरिष्ठांकडून मला सन्मानाची वागणूक मिळते’ हे विधान वाचून हसू येईल, कारण वार्षिक सभेत त्याचे वडील त्याच वरिष्ठांना जाब विचारतात. त्याच खात्यातल्या बिगरसभासद घरच्या फिटरला मात्र त्या विधानापुढे खूण करताना दोनदा विचार करावा लागतो. संचालक मंडळ बदलले की कोणाची बदली कुठे होते, हे त्याला चांगले ठाऊक असते.

साखर धंद्यात कायम आणि हंगामी हा भेद तर कर्मचाऱ्याच्या सगळ्या आयुष्याला चिकटलेला असतो. गव्हाणीत मोळी पडली की हंगामी कामगार रुजू होतो, पट्टा पडला की घरी बसतो. बिनहंगामात त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो, पण कुशल-अकुशल श्रेणीप्रमाणे त्याचे प्रमाण वेगळे. ज्याच्या घरी शेती आहे त्याला हा हंगाम सोयीचा पडतो; उन्हाळ्यात मशागत, पावसाळ्यात पेरणी, हिवाळ्यात कारखाना. ज्याच्या घरी शेती नाही त्याला दर वर्षी पाच-सहा महिन्यांचा खड्डा भरून काढावा लागतो. हंगामी असणे ही अट एकच, पण एकाला तिच्यात मोकळीक दिसते आणि दुसऱ्याला टांगती तलवार.

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा भाग येतो तेव्हा फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे नाव हमखास येते. १९५९ च्या त्यांच्या मांडणीनुसार पगार, नोकरीची शाश्वती, कंपनीची धोरणे यांनी फार तर असमाधान टळते. खरी उमेद मिळते ती यश, कौतुक, जबाबदारी यांतून. ही मांडणी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांच्या आणि लेखापालांच्या मुलाखतींवर उभी होती. पोटापाण्याचा प्रश्न सुटलेल्या माणसांचे ते उत्तर होते. आता श्रीरामपुरात दहा-बारा वर्षे हंगामी राहिलेल्या कामगाराच्या हाती कायमपणाचे पत्र पडते तेव्हा काय होते ते पाहा. गल्लीत पेढे वाटले जातात, मुलाचे लग्न जुळायला मदत होते, बँक घरकर्जाचा कागद पुढे सरकवते, बिनहंगामात गवंड्याच्या हाताखाली जावे लागत नाही. शाश्वतीला ‘असमाधान टाळणारी बाब’ म्हणून बाजूला ठेवणे इथे चुकीचे ठरेल. त्या माणसाच्या आयुष्यातले यश, कौतुक आणि प्रतिष्ठा त्याच एका पत्रातून आलेली असते.

दुसऱ्या टोकाला, कौशल्याचा अभिमान हा शिकलेल्यांचाच मक्ता नाही. पॅन हाउसमधला जुना पॅनमन पाहावा. पॅनमधला नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन तो दिव्यासमोर धरतो, बोटांत चोळतो, आणि साखरेने दाणा धरला की नाही ते सांगतो. शाळा त्याने कदाचित सातवीतच सोडलेली असते. शेजारी उभा असलेला पदवीधर केमिस्ट प्रयोगशाळेचा आकडा येईपर्यंत थांबतो. दाणा चांगला पडला की पॅनमनच्या चालण्यात फरक पडतो. त्याला त्या रात्री कोणी ‘प्रेरित’ करावे लागत नाही. पण वर्षानुवर्षे त्याच्या हातावर विसंबून राहायचे आणि बढतीच्या वेळी शिक्षणाची अट पुढे करायची, असे झाले की त्याच माणसाची उमेद हळूहळू विझते. प्रश्नावलीत ‘शिक्षण: सातवी’ आणि ‘बढतीबाबत असमाधानी’ या दोन नोंदी वेगवेगळ्या पानांवर राहतात. त्यांच्यामधले पॅन हाउस कुठेच उमटत नाही.

जगातल्या काही अभ्यासांनी ही मापट्याची गोष्ट आकड्यांत पकडली आहे. रॉबर्ट हॉपॉक यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकासाठी पेनसिल्व्हेनियातले न्यू होप हे आख्खे छोटे गाव निवडले आणि तिथल्या तीनशेहून अधिक कमावत्या माणसांकडून उत्तरे मिळवली. एका कंपनीऐवजी गाव घेतल्यामुळे दुकानदार, मजूर, मास्तर सगळे एकाच पाहणीत आले. श्रीरामपूरसाठी ही पद्धत आजही अनुकरणीय आहे. १९६५ साली आर्थर टर्नर आणि पॉल लॉरेन्स यांनी अकरा कंपन्यांतल्या ४७० कामगारांचा अभ्यास केला. काम जितके विविध आणि जबाबदारीचे तितके समाधान जास्त, अशी त्यांची अपेक्षा होती. छोट्या गावांतल्या कारखान्यांत ती खरी ठरली, शहरांतल्या कारखान्यांत नाही. माणूस कोणत्या वस्तीत वाढला आणि राहतो, यावरून ‘चांगले काम’ म्हणजे काय हेच बदलते, असा त्याचा बोध.

अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी १९९६ साली ब्रिटनमधल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांच्या आकडेवारीवरून दाखवले की समाधान नुसत्या पगारावर ठरत नाही. आपल्यासारख्या इतरांना काय मिळते याच्याशी माणूस तुलना करतो. आणि उत्पन्न सारखे धरले तर जास्त शिकलेला माणूस कमी समाधानी निघतो. श्रीरामपुरात हे कुणाला पटवून द्यावे लागणार नाही. डिप्लोमा केलेला मुलगा गावातल्याच युनिटमध्ये लागतो, तेव्हा तो आपल्या पगाराची तुलना वडिलांच्या पगाराशी करत नाही. चाकणला किंवा रांजणगावला लागलेल्या वर्गमित्राशी करतो. वडील म्हणतात, ‘घरचं जेवून नोकरी करतोयस, अजून काय पाहिजे?’ मुलगा गप्प बसतो, आणि रात्री मोबाइलवर पुण्यातल्या जागा बघतो. बापलेकांत बेबनाव नाही. दोघांची मापटी वेगळी, इतकेच.

क्लार्क यांचाच १९९७ चा एक अभ्यास स्त्रियांबद्दल आहे. पगार आणि संधी कमी असूनही ब्रिटनमधल्या नोकरदार स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त समाधानी दिसत होत्या. कारण त्यांनी अपेक्षांत शोधले: ज्यांना नोकरीच्या जगाकडून फारसे मिळण्याची सवय नाही, त्या थोडक्यात समाधान मानतात. तरुण आणि उच्चशिक्षित स्त्रियांत हा फरक दिसेनासा झाला, हा त्या मांडणीचा भक्कम पुरावा. आपल्याकडे पॅकिंगच्या कामावर जाणारी बाई पहाटे पाणी भरून, डबे करून, मुलाला शाळेत सोडून पाळीवर येते. ‘कामाच्या ठिकाणचे वातावरण चांगले आहे’ या विधानावर ती ठामपणे ‘पूर्ण सहमत’ म्हणते. आठ तास कोणी हुकूम सोडत नाही, चार मैत्रिणींबरोबर डबा खाता येतो, आणि हातातले पैसे स्वतःच्या नावाचे असतात. तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण त्यावरून तिला मिळणारा पगार रास्त आहे असा निष्कर्ष काढणारा अहवाल खोटा आहे.

या विषयातला सगळ्यात मोठा धोका मला इथेच दिसतो. पार्श्वभूमी समजून घेणे आणि पार्श्वभूमीचा फायदा उठवणे यांत फार अंतर नसते. ‘ही माणसं थोडक्यात खूश असतात’ हे वाक्य व्यवस्थापनाच्या बैठकीत सहानुभूतीने उच्चारले जाते आणि पगारवाढीच्या बोलणीत हत्यारासारखे वापरले जाते. ‘बागायतदाराची पोरं टिकत नाहीत’, ‘बाहेरगावचा माणूस सणाला गेला की येत नाही’ अशी वाक्ये भरतीच्या वेळी ऐकू येतात. अभ्यासात गटाची सरासरी निघते. समोर बसलेला उमेदवार सरासरी नसतो. पार्श्वभूमीवरून माणसाचे मापटे कळू शकेल, त्याची लायकी कळणार नाही.

उलट बाजूने, ही माहिती सद्भावनेने वापरली तर साध्या गोष्टींनीही फरक पडतो. सप्टेंबरात हरेगावची मतमाउली यात्रा असते तेव्हा परिसरातल्या ख्रिस्ती कामगाराला रजेसाठी हात जोडावे लागू नयेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्याची गैरहजेरी बेशिस्तीत मोजली जाऊ नये. पेरणीच्या आठवड्यात शेतकरी घरच्या कामगाराला पाळी बदलून मिळावी. शेवटच्या एसटीने खेड्यावर जाणाऱ्या मुलीची पाळी त्या वेळेआधी सुटावी. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. त्यासाठी माणूस कुठून येतो हे साहेबाला ठाऊक असावे लागते, आणि मस्टरवर ती नोंद नसते.

अभ्यास करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली पद्धतीची. वय, सेवेची वर्षे, हुद्दा आणि पगार ही चारही एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. पन्नाशीचा कामगार जास्त समाधानी निघाला तर ते वयामुळे, कायम असल्यामुळे, पगार वाढल्यामुळे, की ज्यांचे पटले नाही ते आधीच सोडून गेल्यामुळे, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय ‘वयाचा परिणाम’ असे लिहू नये. दुसरी गोष्ट विश्वासाची. कागद हातात घेताना कामगार आधी विचारतो, ‘साहेबांनी पाठवलंय का?’ सुपरवायझर शेजारी उभा असताना भरलेली प्रश्नावली फक्त सुपरवायझरबद्दल माहिती देते. शक्य झाले तर माणसाला गेटबाहेर, टपरीवर, किंवा त्याच्या घरी ओट्यावर भेटावे. नाव लिहून घेऊ नये. जात, धर्म, जमीन यांविषयी विचारायचे असेल तर का विचारतो ते आधी सांगावे, आणि त्याने नाही म्हटले तर आग्रह धरू नये.

आणि पहिल्या पानावर चार प्रश्न वाढवावेत. तुमच्या घरात तुमच्याआधी पगाराची नोकरी कुणाला होती? हा पगार सोडून घर कशावर चालते? आपल्या नोकरीची तुलना तुम्ही मनातल्या मनात कुणाच्या नोकरीशी करता? तुमच्या मुलाने किंवा मुलीने इथेच, याच कामाला लागावे असे तुम्हाला वाटते का?

पहिले तीन प्रश्न मापटे दाखवतात. चौथा प्रश्न ते बाजूला ठेवायला लावतो, कारण मुलांसाठी माणूस आपल्या जुन्या अपेक्षा वापरत नाही, नव्या करतो. हरेगावचा कारखाना बंद पडला, टिळकनगरला साखर थांबून मद्यनिर्मिती तेवढी उरली, महामंडळाचे मळे ओस पडले. या सगळ्यांतून गेलेल्या श्रीरामपूरकराला नोकरीची किंमत कुणी शिकवायला नको. असा माणूस वीसच्या वीस विधानांपुढे ‘सहमत’ म्हणाला आणि या चौथ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणाला, तर व्यवस्थापनाने त्या विसांचा आनंद आवरता घ्यावा आणि त्या एका उत्तरापासून कामाला लागावे.